पाव किलो शेव, सतरा मायक्रोसर्व्हिसेस

इंदूरला राजवाड्याजवळ शेव-नमकीनचे दुकान चालवणाऱ्या काकांनी बिलिंगचे सॉफ्टवेअर तुमच्याकडून करून घ्यायचे ठरवले असेल, तर ही संधी वाया घालवू नका. काका तीनच गोष्टी मागतील: काट्यावरचे वजन आपोआप बिलात यावे, बिल चटकन निघावे आणि रात्री गल्ला जुळावा. मान डोलावत ऐकून घ्या. पण लक्षात ठेवा, काकांना शेव विकायची आहे आणि तुम्हाला पुढच्या दिवाळीच्या आत हिंजवडीत पोचायचे आहे. रेझ्युमेवरची ‘नमकीनच्या दुकानाचे बिलिंग’ ही ओळ वाचून तुमचा नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड संपेपर्यंत कोणी वाट पाहत बसत नाही.

पहिली खबरदारी: दुकानाचा हिशेब कोणाला मांडू देऊ नका. दिवसाला ६०० बिले आणि दुकान १२ तास उघडे, म्हणजे तासाला ५०. मिनिटाला एक बिलसुद्धा धड भरत नाही. दिवाळीत दहापट गर्दी धरली तरी मिनिटाला आठ-नऊ. एवढे काम एसक्यूलाइट हा छोटासा डेटाबेस झोपेत करतो. तो तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्ये आधीच बसलेला आहे, आणि दिवसाला एक लाखापेक्षा कमी हिट्स असलेल्या वेबसाइटला तो पुरावा, असे त्याचे कर्तेच सांगतात. असले आकडे करिअरला मारक असतात. कोणी ते काढलेच, तर गंभीर चेहऱ्याने विचारा, “आणि उद्या छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत शाखा निघाली तर?” काका खूश होऊन हसतील. ते हसू म्हणजे आर्किटेक्चरला मिळालेली मंजुरी समजा.

आता सॉफ्टवेअर मायक्रोसर्व्हिसेसमध्ये, म्हणजे स्वतंत्र चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, तोडायला घ्या. बिल एक सर्व्हिस, काटा एक, साठा एक, ग्राहक, पेमेंट, कर, छपाई, एसएमएस, उधारी, ऑफर, असे करत सतरापर्यंत सहज जाता येते. शेकडो टीम एकमेकींच्या पायात येऊ लागल्या म्हणून मोठ्या कंपन्यांनी ही पद्धत धरली, हे चर्चेत आणू नका. संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्ये मांडले होते की कुठल्याही सिस्टिमची रचना ती बनवणाऱ्या संस्थेतल्या संवादावर बेतलेली असते. तुमच्या संस्थेत तुम्ही आणि एसजीएसआयटीएस या इंदूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या तिसऱ्या वर्षाचा एक इंटर्न आहे. त्या हिशेबाने दोन तुकडे पुरले असते, पण कॉनवे यांना इंदूरची झेप काय माहीत!

तुकडे केल्याचा खरा आनंद पहिल्या बिलाला मिळतो. एकच डेटाबेस असता तर साठा कमी करणे आणि बिल लिहिणे ही दोन कामे एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये झाली असती: झाली तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. आता साठा एका डेटाबेसात, बिल दुसऱ्यात. मध्ये नेट गेले की पाव किलो लवंग शेव साठ्यातून निघून जाते आणि बिल जन्मालाच येत नाही. यावर ‘सागा’ नावाचा उपाय आहे. प्रत्येक पायरीसाठी ती उलटवणारी दुसरी पायरी लिहायची, आणि उलटवणारी पायरीच कोसळली तर तिच्यासाठी आणखी एक रांग ठेवायची. या कामात दोन महिने आरामात जातात.

रांगेसाठी काफ्काच घ्या, सर्व्हिसेसमधले संदेश रांगेत ठेवून पोचवणारा. लिंक्डइनने तो २०११ मध्ये सगळ्यांसाठी खुला केला, आणि लिंक्डइनला लागतो तो काकांना लागणारच. मात्र त्याचे नेमके वर्तन वाचू नका. पोचल्याची पावती हरवली की संदेश घेणाऱ्या सर्व्हिसकडे तोच संदेश पुन्हा येतो. म्हणून प्रत्येक संदेशाला स्वतःचा क्रमांक द्यावा आणि तो आधी येऊन गेला का, हे तपासूनच साठा कमी करावा. तुम्ही ते करू नका. एकाच पुड्याची शेव साठ्यातून दोनदा गेली की काकांना वाटेल, कारागीर माल पळवतोय. शिवाय सेटिंग बदलले नाही तर काफ्का सात दिवसांनी जुने संदेश पुसतो. उधारीची सर्व्हिस बंद पडल्याचे आठव्या दिवशी कळले, तर गिऱ्हाइकांचे आशीर्वाद मिळतील.

हे सगळे तुकडे अनेक मशीनवर वाटून चालते ठेवायला कुबरनेटीस. तो गूगलमधून २०१४ मध्ये बाहेर आला, हजारो मशीन सांभाळण्याच्या अनुभवातून. काकांकडे एक टॅब्लेट आणि एक प्रिंटर आहे. ॲमेझॉनच्या क्लाउडवर क्लस्टरच्या, म्हणजे अशा मशीनच्या जथ्याच्या, नुसत्या नियंत्रकाचे तासाला १० सेंट पडतात, म्हणजे महिन्याला ७२-७३ डॉलर. त्याला नॅट गेटवेचे, म्हणजे जथ्यातून बाहेर इंटरनेटवर जायच्या दाराचे, बत्तीसेक डॉलर जोडा, की एकही बिल न फाडता नऊ हजार रुपयांच्या आसपास गेले. मुंबईत २०१६ पासून डेटा सेंटर आहे, तिकडे पाहू नका. अमेरिकेतले व्हर्जिनिया निवडा. ‘ग्लोबल’ वाटते, आणि इंदूरहून प्रत्येक फेरीला दोनशे मिलिसेकंदांहून जास्त लागतात. सतरा सर्व्हिसेसच्या मध्ये एखादा डेटाबेस चुकून मुंबईत राहिला तर बिल निघेपर्यंत गिऱ्हाइकाचे पोहे खाऊन होतात. शिवाय २० ऑक्टोबर २०२५ ला, नेमक्या दिवाळीच्या दिवशी भरदुपारी, व्हर्जिनियात डीएनएसच्या, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांच्या वहीच्या, गोंधळाने ॲमेझॉनचा डायनॅमोडीबी हा डेटाबेस पडला आणि त्याच्यासोबत निम्मे इंटरनेट लंगडले. अशा दिवशी काकू गल्ल्यावर बसून कागदावर बेरजा करतात. त्यांच्याकडे आदराने पाहा, पण बोलू नका.

पैशांसाठी फ्लोट वापरा, म्हणजे अपूर्णांक अंदाजे साठवणारा संगणकी आकडा. ०.१ अधिक ०.२ केले की उत्तर ०.३०००००००००००००००४ येते, हे संगणक शिकणाऱ्या प्रत्येकाला एकदा दाखवतात आणि प्रत्येक जण ते विसरतो. रक्कम रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांक म्हणून साठवली की विषय संपतो, म्हणून तसे करू नका. ‘बिल आणि जमा समान आहेत का’ ही तुलना फ्लोटवर ठेवा. पैसे पुरते भरलेल्या गिऱ्हाइकाच्या नावावर अदृश्य उधारी राहील. पूर्णांकनही दोन ठिकाणी करा: बिलाच्या सर्व्हिसमध्ये प्रत्येक ओळीवर, कराच्या सर्व्हिसमध्ये एकूण रकमेवर. महिनाअखेरीला सीए त्या चिल्लर फरकाचा उगम शोधत बसतील.

कराचा दर कोडमध्येच लिहून टाका, आणि शक्य तितक्या सर्व्हिसेसमध्ये. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचा १२ टक्क्यांचा टप्पा मोडीत निघाला आणि पॅकबंद नमकीन ५ टक्क्यांवर आले. सुटे आधीपासूनच ५ वर होते. ज्यांनी बिलाच्या प्रत्येक ओळीत त्या दिवसाचा दर साठवला होता, त्यांनी दरांच्या तक्त्यात एक नवी नोंद टाकली आणि ते झोपले. तुम्ही मात्र जुने बिल पुन्हा छापताना कर आजच्या दराने काढा. ऑगस्टमध्ये घेतलेला डबा ऑक्टोबरमध्ये परत आला की परतीचा कर मूळ बिलाशी जुळणार नाही.

आता सराफा. काकांचा रात्री सराफ्यात भुट्ट्याच्या कीसचा ठेला आहे, असे धरू या. दिवसा तिथे सोन्याचांदीची दुकाने. त्यांची शटर पडली की खाण्याचा बाजार उघडतो आणि मध्यरात्र उलटून गेली तरी तव्यांवर गर्दी असते. तुमचा रोजमेळ बरोबर बाराला बंद होऊ द्या. म्हणजे शनिवारच्या रात्रीचा निम्मा गल्ला रविवारी दिसेल, आणि काकांना वाटेल की ठेल्यावरचा पोरगा बारानंतर हात मारतो. खरे तर बिलावरची तारीख वेगळी आणि धंद्याचा दिवस वेगळा, असे दोन रकाने ठेवून धंद्याचा दिवस पहाटे चारला पालटला की काम भागते. यात एक गंमत आहे: सर्व्हर यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर तसाच सोडला असता तर त्याची तारीख आपल्या पहाटे साडेपाचला बदलली असती, आणि सराफ्याचा हिशेब आळसामुळे बरोबर आला असता. हा धोका टाळायचा, तर सतरापैकी नऊ सर्व्हिसेस यूटीसीवर ठेवा आणि आठ भारतीय वेळेवर. दिवाळीची ऑफर जावास्क्रिप्टमध्ये लिहाल तेव्हा ऑक्टोबरसाठी निर्धास्तपणे १० टाका. तिथे महिने शून्यापासून मोजतात, त्यामुळे सूट नोव्हेंबरात सुरू होईल, जेव्हा काकांकडे तसाही माल पडून असतो.

काकूंचा हट्ट असेल की बिल मराठीत हवे. हो म्हणा. दोन इंची थर्मल प्रिंटर ५८ मिलिमीटरचा रोल खातो, ओळीला ३२ अक्षरे आणि आडवे ३८४ ठिपके. यातल्या बहुतेकांच्या पोटात देवनागरीचा फॉन्टच नसतो. मजकूर तसाच पाठवला की ‘लवंग शेव’च्या जागी प्रश्नचिन्हांची माळ निघते. उपाय एकच: बिल आधी चित्र म्हणून रंगवायचे आणि ठिपक्यांच्या रूपात प्रिंटरला द्यायचे. हे काम अर्थातच टॅब्लेटवर करू नका. व्हर्जिनियात चित्र रंगवून परत मागवा.

देवनागरीचे खरे ऐश्वर्य ग्राहकांच्या नावांत आहे. ‘कऱ्हाडे’ दोन प्रकारे टाइप होते: एक नुक्त्याच्या ऱ ने, दुसरे साध्या र नंतर हलन्त आणि अक्षरे जोडणारे एक न दिसणारे चिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, डेटाबेसला मात्र वेगळे. युनिकोडचे नेहमीचे सामान्यीकरण लावले तरी ते एक होत नाहीत. ‘ॲ’चीही तीच कथा. मोबाइल क्रमांक ही ओळख ठेवली असती तर प्रश्न उरला नसता. तुम्ही नावावर शोध ठेवा. म्हणजे लोकमान्य नगरातल्या एकाच कऱ्हाडे वहिनींची दोन खाती होतील, पॉइंट एकावर आणि उधारी दुसऱ्यावर. दिवाळीच्या शुभेच्छांचा एसएमएस घसघशीत लिहा. इंग्रजीत एका संदेशात १६० अक्षरे मावतात, देवनागरीत ७०, आणि लांबला की प्रत्येक तुकड्यात ६७. ‘दीपावलीच्या मंगल समयी’पासून सुरुवात केली तर तीन संदेशांचे पैसे लागतील, आणि दुकानाचे नाव तिसऱ्यात येईल.

यूपीआयबाबत थोडक्यात. पेमेंट झाल्याची सूचना कधी उशिरा येते, कधी दोनदा. व्यवहाराच्या संदर्भ क्रमांकावर ‘दुबार नको’ अशी एक अट डेटाबेसात लावली की पुरते. ती एका ओळीत होते, म्हणूनच तिचा मोह टाळा.

काट्यावर एक मिनिट थांबू, कारण काकांनी पहिल्यांदा मागितले होते ते हेच. सिरियल केबलने जोडायचे बरेच इलेक्ट्रॉनिक काटे वजनासोबत ते स्थिर झाले की अजून हलतेय, याची खूणही पाठवतात. ती खूण वाचायची, डब्याचे वजन वजा करायचे आणि मगच आकडा घ्यायचा, दुपारभराचे काम. परंतु केबलमध्ये शिकण्यासारखे काही नाही. हे इंटर्नला द्या. तो पहिला येईल तो आकडा उचलेल आणि पाव किलोचे २३८ ग्रॅम करेल.

मधल्या काळात टीममध्ये वातावरण तापते ठेवा. कोडमध्ये टॅब की स्पेस, भाषा रस्ट की गो, कोडचे कोठार (रेपो) एक की सतरा. दोघांच्या टीमचीही रोज स्टँड-अप मीटिंग घ्या, शक्यतो विजयनगरच्या एखाद्या कॅफेत, बसून. एखादा जुना सिनियर कधीतरी म्हणेल, “एक प्रोग्रॅम, एक पोस्टग्रेस डेटाबेस, बिल दुकानातच छापा, नेट आले की वर पाठवा, आणि रात्रीचा बॅकअप महिन्यातून एकदा खरोखर उतरवून बघा.” त्याच्याशी वाद घालू नका, त्याचे बरोबर असते. त्याला विचारा, “सर, हे स्केल होईल?” आणि चहा मागवा. बॅकअप घ्या, उतरवून बघू मात्र नका. रोज हिरवी खूण दिसते आणि फाइल शून्य बाइटची असते, हे कळण्याची घाई कशाला? पासवर्ड गिटमध्ये, म्हणजे कोडचा प्रत्येक बदल जपणाऱ्या वहीत, गेला तर पुढच्या नोंदीत पुसून टाका. इतिहासात तो तसाच राहतो, पण इतिहास कोण वाचतो?

मोठे बदल शुक्रवारी संध्याकाळी सोडा. १९ जुलै २०२४ हा शुक्रवारच होता. क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर नेऊन बसवली. तुमच्याकडे एकच टॅब्लेट आहे, काळजीचे कारण नाही.

मग एक दिवस मुलाखत येईल. ‘सतरा मायक्रोसर्व्हिसेस, इव्हेंट-ड्रिव्हन, मल्टि-रीजन’ ही ओळ वाचून समोरच्याचे डोळे चमकतील. मल्टि-रीजन म्हणजे मुंबईत विसरलेला तो डेटाबेस, हे सांगायची गरज नाही. शेवटी तो विचारेल, हेच काम पुन्हा करायचे झाले तर काय वेगळे कराल? इथे एक प्रोग्रॅम आणि एक डेटाबेस असे काही तोंडातून निघू देऊ नका. थोडे थांबा, खिडकीबाहेर पाहा, सर्व्हिसेसमधली वाहतूक सांभाळणारा आणखी एक थर आठवा आणि म्हणा, “सर्व्हिस मेश आम्ही जरा उशिरा आणला.”