सोनेरी बोल्टने नेम सुधारत नाही

नागपूरच्या नेमबाजांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. सोबत सोन्यासारख्या चकाकणाऱ्या बोल्टचा फोटो. मजकूर थोडक्यात असा: रायफलीचा बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा), फायरिंग पिन (काडतुसावर आपटणारी सुई) आणि ट्रिगरचे भाग यांना टायटॅनियम नायट्राइड किंवा निकेल-बोरॉनचं कोटिंग करून घ्या. मग काजळी चिकटत नाही, तेल लागत नाही, गंज चढत नाही, ग्रुपिंग (गोळ्या एकमेकींजवळ लागणं) सुधारतं, आणि हे काम हिंगण्यातला कुठलाही प्लेटिंगवाला करून देतो. खाली एकाने लिहिलंय, ‘करून घे ना बे, लाइफटाइम टेन्शन नाही.’

मी हिंगणा एमआयडीसीत प्लेटिंगच्याच धंद्यात आहे आणि सुटीच्या दिवशी .२२ बोअरची रायफल घेऊन रेंजवर असतो. धंद्याच्या हिशेबाने मी गप्प बसायला हवं. पण या मेसेजमधल्या एकेका ओळीवर पोरं पैसे घालायला निघालीत, म्हणून लिहितो.

काजळीचं आधी. हा दावा खोटा नाही, पण तो आपल्या रायफलीचा नाही. तो आला अमेरिकेतल्या एआर-१५ रायफलीवरून. त्या रायफलीत नळीतला वायू मागे वळवून थेट बोल्ट कॅरिअरमध्ये, म्हणजे बोल्ट धरणाऱ्या भागात सोडतात. तिथे काजळी भाजून घट्ट बसते आणि निकेल-बोरॉनच्या गुळगुळीत थरावरून ती फडक्याने सहज निघते. आपल्याकडे आहेत .२२ आणि ३१५ बोअर, दोन्हींचा बोल्ट हाताने ओढायचा. वायू जवळपास सगळा नळीच्या तोंडातून बाहेर जातो. .२२ मध्ये जो मळ साचतो तो शिसं आणि गोळीवरच्या मेणाचा. तो बसतो चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागी, आणि नळीत. बोल्ट सोन्याचा केला तरी तिथला मळ तसाच राहणार. आणि एअर रायफलवाल्यांनीही हा मेसेज पुढे ढकललाय! अरे, तिच्यात बारूदच नाही तर काजळी कुठून येणार?

तेल लागत नाही, हा दावा जास्त धोक्याचा. कोरड्या स्टीलवर कोरडं स्टील घासण्यापेक्षा चांगल्या कोटिंगचं घर्षण बरंच कमी असतं, हे खरं. पण मधे तेलाचा पातळ थर आला की दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना जेमतेम टेकतात आणि कोटिंगचा फायदा आपोआप आटतो. शिवाय तेलाचं काम घर्षणापुरतं नसतं. ते ओल अडवतं, धूळ बाहेर ढकलतं. जुन्या लष्करी रायफलींवर दिसणारा तो राखाडी फॉस्फेटचा थर मुद्दाम सच्छिद्र ठेवलेला असतो, तेल धरून ठेवावं म्हणून.

‘साफसफाई नको’ या समजुतीची किंमत एकदा मोजून झालेली आहे. व्हिएतनाममध्ये एम-१६ रायफल अमेरिकी सैनिकांच्या हाती पडली तेव्हा हिला फारशी सफाई लागत नाही असाच बोलबाला होता. सफाईचं सामान पुरेसं पोचलं नव्हतं, बारूद बदललं होतं, चेंबरला क्रोम नव्हतं. दमट हवेत चेंबर गंजून खडबडीत झाले, रिकाम्या पुंगळ्या आत अडकू लागल्या. १९६७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीने त्याची चौकशी केली. मग चेंबरला क्रोम आलं, आणि त्यासोबत सफाईचं सामान आणि शिकवणीही आली. म्हणजे कोटिंग उपयोगी पडतं, पण कुठे? नेमक्या दुखण्याच्या जागी, कारखान्यात, मापाचा हिशेब आधीच धरून. सॉल्ट बाथ नायट्रायडिंगलाही मी मानतो. त्यात वरून थर चढवत नाहीत, नायट्रोजन स्टीलच्या आत मुरतो. माप जवळजवळ हलत नाही आणि सोलून निघायला वेगळं कवचच नसतं.

गंजाबद्दल मेसेजमध्ये सॉल्ट स्प्रे चाचणीचे तास फेकलेत, म्हणजे मिठाच्या धुक्यात थर किती तास टिकला ते. ती चाचणी आम्ही रोज पाहतो. ५ टक्के मिठाच्या पाण्याचं धुकं, ३५ अंश तापमान, बंद पेटी. एका लॉटची दुसऱ्याशी तुलना करायला ती ठीक आहे. पण तासांची वर्षं करून सांगणारा एक तर भोळा असतो, नाही तर विकायला बसलेला. आणि निकेलची एक खोड आहे. झिंक स्वतः झिजून लोखंडाला वाचवतं, निकेलचं उलट. थराला टाचणीच्या टोकाएवढं जरी भोक राहिलं, तरी गंजाचा सगळा जोर खालच्या लोखंडावर त्या एका ठिपक्यात येतो. वरून चकाचक आणि आत खड्डा. टायटॅनियम नायट्राइडचा थर दोन-चार मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग); अशी बारीक भोकं त्यातही असतात.

आपल्याकडे गंज येतो कुठून ते पाहा. मे महिन्यात बाहेर ४५ अंश आणि हवा ठणठणीत कोरडी, म्हणून आपण निर्धास्त. पण रायफल ठेवलेली असते कूलरच्या खोलीत. रात्रभर खसाच्या ताट्यांतून ओली हवा, त्यात फोमची केस बंद. फोम ओल धरतो आणि धातूला चिकटून बसतो. वर रेंजवरून आल्यावर घामाच्या हाताचे ठसे तसेच, आणि घामात मीठ असतंच. याला उपाय म्हणजे केसबाहेर, कोरड्या जागी, कुलपात ठेवणं आणि तेलाचं फडकं फिरवणं.

ग्रुपिंगवर फार लिहायचं कारण नाही. गोळी बोल्टला नाही, नळीला घासून जाते. नळी, तिचं तोंड, काडतुसाचा लॉट, ट्रिगर आणि खांदा, एवढ्यावर ग्रुप ठरतो. स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य जिंकलं तो ५० मीटरचा प्रकार .२२ चाच. तिथल्या पातळीवर लोक काडतुसांचे लॉट तपासून तपासून निवडतात. कोटिंगचे पैसे त्यात घाला.

आता ट्रिगर, जिथे माझा जीव खरोखर वर-खाली होतो. इलेक्ट्रोप्लेटिंगमध्ये करंट कोपऱ्यांवर गर्दी करतो. सपाट भागावर १० मायक्रॉन बसतात तेव्हा धारेवर त्याहून बरेच जास्त बसतात. बोट फिरवलं तर कधी कधी बारीक दाणे हाताला लागतात. सिअर म्हणजे ट्रिगर ओढेपर्यंत फायरिंग पिन अडवून धरणारा भाग. त्याची धार म्हणजे तसाच कोपरा, आणि ट्रिगरचं सगळं इमान त्या धारेवर. ती फुगली तर ट्रिगर अडखळेल, नीट न बसता धक्क्यानेच सुटेल, किंवा काही दिवसांनी थराचा टवका उडून अचानक हलका होईल. भरल्या रायफलीत हे काय करू शकतं ते सांगायला नको. दुसरं, प्लेटिंगआधी अ‍ॅसिडच्या टाकीत बुडवताना कडक स्टीलमध्ये हायड्रोजन शिरतो. प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत १९० ते २२० अंशांवर कित्येक तास भाजून तो काढावा लागतो. नाही काढला तर स्प्रिंग किंवा एक्स्ट्रॅक्टरचं (पुंगळी बाहेर ओढणाऱ्या भागाचं) नख एके दिवशी कसलीही सूचना न देता तुटतं. बोल्ट-नटांच्या ढिगात टाकलेल्या तुमच्या चार नगांसाठी कोण ओव्हन लावून ठेवणार?

राहिला ‘हिंगण्यातला कुठलाही प्लेटिंगवाला’. टायटॅनियम नायट्राइड टाकीत होतच नाही. त्याला व्हॅक्यूम चेंबर लागतो, आणि तोही बहुधा २०० ते ५०० अंशांवर चालतो. ज्या भागाचं टेंपरिंग (कडक केल्यावर पुन्हा बेताने तापवणं) त्याहून कमी तापमानाला झालंय, त्याची कडकाई तिथेच उतरते. टाकीवाल्याकडून सोनेरी रंग आणलात तर ते पिवळं पॅसिव्हेशन (रसायनाचा संरक्षक थर) केलेलं झिंक असू शकतं. फोटोत फरक कळत नाही.

आणि कायदा. १९५९ च्या शस्त्र कायद्यात ‘शस्त्र’ म्हटलं की त्याचे सुटे भागही आले, आणि दुरुस्ती किंवा फेरफार करायला परवाना लागतो. परवाना नसलेल्या शेडमध्ये ३१५ चा बोल्ट सोडून येणं तुम्हालाही महागात पडेल आणि त्या बिचाऱ्यालाही. त्यात प्लेटिंगआधी बफिंग, म्हणजे फिरत्या चाकावर घासून चकचकीत करणं, असतं. बफवरचा पोऱ्या खरडलेलं दिसेल ते घासून गुळगुळीत करतो. ठोकलेला नंबर त्याच्या लेखी ओरखडाच. त्याच कायद्याच्या कलम ८ नुसार बंदुकीवरचा नंबर पुसणं हा गुन्हा आहे. माझ्याकडे कुणी असा नग घेऊन आला तर मी तो पिशवीतून बाहेरसुद्धा काढू देत नाही. परवानाधारक गन्समिथकडे किंवा थेट उत्पादकाकडे जा म्हणून सांगतो.