खरखरणाऱ्या गिअरवर जाड ऑइल हा इलाज नाही

पावसाळा लागला की कोकणातल्या गाडीवाल्यांच्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरू लागतो. त्याचा सारांश असा: जुन्या पद्मिनीचा किंवा अँबॅसिडरचा गिअर जड जात असेल, खरखरत असेल, तर खाऱ्या हवेने आतले दाते गंजलेत. 90 नंबरचं गिअर ऑइल काढून त्याहून जाड 140 नंबरचं भरा. डबल क्लच (गिअर बदलताना मध्येच न्यूट्रलमध्ये क्लच सोडून पुन्हा दाबणं) मारू नका, त्याने गिअरबॉक्स झिजतो. आणि चालत्या गाडीत पहिला गिअर करकरला तर गिअरबॉक्स संपला, दुसरा बसवा.

या सल्ल्यावर विसंबून चांगले चालते गिअरबॉक्स भंगारात गेलेले मी पाहिले आहेत. पद्मिनी बनणं 2000 च्या आसपास थांबलं, अँबॅसिडर 2014 मध्ये. एकदा फेकलेला गिअरबॉक्स पुन्हा मिळवताना घाम फुटतो, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

या सगळ्या मेसेजमध्ये क्लच तपासायचं कुठेच नाही, ही त्यातली सर्वांत मोठी चूक. आमच्याकडचा कुठलाही जुना मेस्त्री पहिलं वाक्य हेच बोलेल: "आधी क्लच सुटता काय ता बघ." पेडल पूर्ण दाबूनही क्लच प्लेट फ्लायव्हीलपासून, म्हणजे इंजिनच्या जड चाकापासून, मोकळी होत नसेल, तर गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरतच राहतो आणि कुठलाही गिअर सुखाने बसत नाही. तपासणी फुकट आहे. इंजिन बंद ठेवून गिअर टाकून बघा. बंद गाडीत सगळे गिअर बसतात आणि चालू इंजिनवर अडतात, तर संशय क्लचवर. मग इंजिन गरम करून स्लोवर ठेवा, पेडल तळापर्यंत दाबा, तीन-चार सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. क्लच नीट सुटत असेल तर तेवढ्या वेळात शाफ्ट थांबतो आणि रिव्हर्स गुपचूप बसतो. खर्रकन आवाज आला तर क्लच धरतो आहे. पेडलचा फ्री प्ले, म्हणजे सुरुवातीला ते मोकळं जातं तेवढं अंतर, बघा. क्लच हायड्रॉलिक, म्हणजे फ्लुइडच्या दाबावर चालणारा, असेल तर मास्टर आणि स्लेव्ह सिलिंडर गळतात का, लाइनमध्ये हवा शिरली आहे का, तेही बघा. त्या लाइनमधलं ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषतं आणि आपल्याकडे ओलाव्याला तोटा नाही. दोन वर्षांत ते बदललंच पाहिजे.

जून ते सप्टेंबर मांगरात (शेतातल्या खोपटात) उभी राहिलेली गाडी हा तर खास कोकणी प्रकार. दमट हवेने प्लेट फ्लायव्हीललाच चिकटते. पेडल खाली जातं, पण सुटत काहीच नाही. अशा वेळी न्यूट्रलमध्ये इंजिन चांगलं गरम करून बंद करायचं. मग समोर कोणी नाही अशा मोकळ्या जागेत गाडी तिसऱ्या गिअरमध्ये टाकून, क्लच दाबून स्टार्टर मारायचा. गाडी पुढे सरकते. क्लच दाबलेलाच ठेवून ॲक्सिलरेटर दाबत-सोडत झटके द्यायचे. बहुतेक वेळा प्लेट सुटते. त्याहून सोपं म्हणजे पावसाळाभर अधूनमधून गाडी सुरू करून क्लच चालवत राहणं.

आता खाऱ्या हवेचं. गिअरबॉक्सचे दाते तेलात न्हालेले असतात, वारा तिथे पोचून त्यांना गंज चढवत नाही. तो चढतो बाहेर. या दोन्ही गाड्यांच्या जुन्या मॉडेलांत गिअरचा दांडा स्टिअरिंगवर, म्हणजे दांडा आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये सळया, सांधे आणि बुश (सांध्यातल्या नळ्या) आहेत. ते गंजतात, झिजतात, लाल मातीने भरतात. दोन गिअरच्या मध्ये अडकलेला दांडा बॉनेट उघडून हाताने सोडवणारे ड्रायव्हर सगळ्यांनी पाहिले असतील. तो दोष गिअरबॉक्सचा नव्हेच. इंजिन बंद ठेवून एकाने दांडा हलवावा, दुसऱ्याने खाली बघावं. दांडा हलतो आणि सळई उशिरा हलते, तर बुश गेलेत. बुश बदलणं, ग्रीस आणि ॲडजस्टमेंट, एवढंच काम.

पाणी मात्र खरंच आत शिरतं, पण पुराचं. 22 जुलै 2021 ला चिपळूणमध्ये गाड्या बुडाल्या, तशी गाडी बुडाली असेल तर गिअरबॉक्सच्या तळाचा ड्रेन प्लग उघडून बघा. ऑइल दुधाळ दिसलं तर गाडी चालवण्याआधी ते बदला.

140 नंबरने आवाज दबतो, हे खरं आहे. झिजलेल्या बेअरिंगची घरघर जाड तेलात कमी ऐकू येते. पण गिअर बसतो तो पितळी सिंक्रो रिंगमुळे. ती गिअरच्या शंकूसारख्या भागावर घासून गिअर आणि शाफ्ट दोन्हींचा वेग सारखा करते, आणि त्यासाठी मधला तेलाचा थर तिला फोडावा लागतो. तेल जाड झालं की थर लवकर फुटत नाही. सकाळी थंड गाडीत गिअर आणखी जड जातो. ऑइल घेताना डब्यावर जीएल-4 (गिअर ऑइलचा दर्जा) लिहिलंय का तेही बघा. जीएल-5 मुख्यतः डिफरन्शियलसाठी, म्हणजे चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरसाठी, असतं. ते सिंक्रो रिंगला पकड घेऊ देत नाही आणि त्यातली काही रसायनं पितळेला बाधू शकतात.

डबल क्लचने गिअरबॉक्स झिजत नाही, उलट वाचतो. न्यूट्रलमध्ये क्लच सोडून थोडा रेस दिला की शाफ्टचा वेग जुळतो आणि रिंगला कमी राबावं लागतं. आंबोली घाट चढताना खालचा गिअर घ्यायची हीच रीत.

पद्मिनी आणि जुन्या अँबॅसिडरमध्ये पहिल्या गिअरला सिंक्रो दिलेलाच नाही. चालत्या गाडीत तो करकरणारच. गाडी पूर्ण थांबली की मगच पहिला गिअर टाका.

गिअरबॉक्स उतरवावा अशी लक्षणं वेगळी आहेत. क्लच ठीक असून फक्त दुसरा गिअर खरखरतो आणि डबल क्लचने मुकाट बसतो, तर त्याची रिंग गेली. सवडीने काम केलं तरी चालेल. पण उतारावर रेस सोडताच गिअर आपोआप सुटत असेल, तर गिअर जागेवर धरणारी गोळी-स्प्रिंग, गिअर सरकवणारा फोर्क किंवा दाते झिजलेत. भर उतारावर इंजिनचा ब्रेक जाणं म्हणजे जिवाशी खेळ. ती गाडी दुरुस्त होईपर्यंत घाटात नेऊ नका.