लघुग्रहाला चंद्र? असतो की!

सध्या एक मजकूर जोरात फिरतोय. त्याचा सारांश असा: ‘चंद्र फक्त ग्रहांना असतात. लघुग्रहाचं गुरुत्वाकर्षण इतकं क्षीण की त्याच्याभोवती काही फिरूच शकत नाही. फिरलं तरी सूर्य ते ओढून नेईल. फोटोत दिसतात ते शेजारून जाणारे दगड.’ ऐकायला पटतं, पण यातला एकही मुद्दा टिकत नाही.

‘गुरुत्वाकर्षण क्षीण.’ आहेच, त्यावर वाद नाही. पण फिरणारी वस्तू तितकीच संथ असली की भागतं. डिडिमॉस हा जेमतेम पाऊण किलोमीटरचा लघुग्रह. त्याच्यापासून साधारण १.२ किलोमीटरवर दीडएकशे मीटरचा डायमॉर्फस फिरतो, सेकंदाला सुमारे १७ सेंटिमीटर वेगाने. रांगतं मूलही त्याला मागे टाकेल! आणि आकारावरच सगळं ठरत असतं, तर बुध आणि शुक्र हे चांगले अख्खे ग्रह बिनचंद्राचे राहिले नसते.

‘सूर्य ओढून नेईल.’ लांबचं नेईल, जवळचं नाही. प्रत्येक पिंडाभोवती त्याची स्वतःची सत्ता चालते असा टापू असतो. डिडिमॉस सूर्याच्या अगदी जवळ आला तरी हा टापू ६० किलोमीटरच्या पलीकडे पसरलेला असतो. डायमॉर्फस त्याच्या पार आत आहे.

आता फोटो. २८ ऑगस्ट १९९३ रोजी गॅलिलिओ यान आयडा या लघुग्रहाजवळून गेलं. त्या प्रतिमा तपासताना फेब्रुवारी १९९४ मध्ये जेमतेम दीड किलोमीटरचा डॅक्टिल हा आयडाचा चंद्र सापडला. एका धावत्या भेटीवर विश्वास नाही? ठीक, मग डायमॉर्फसचंच घ्या. दोघांपैकी एक दुसऱ्याच्या आड गेला की त्यांचा एकत्रित प्रकाश किंचित मंदावतो. पृथ्वीवरच्या दुर्बिणींनी हे मंदावणं मोजलं, तेव्हा एक फेरी ११ तास ५५ मिनिटांची भरली. २६ सप्टेंबर २०२२ ला नासाचं डार्ट यान मुद्दाम डायमॉर्फसवर आदळवलं. त्यानंतर फेरी ११ तास २३ मिनिटांवर आली. शेजारून जाणाऱ्या दगडाला फेरीच नसते, ती घटणार कुठून?

संशय घेणाऱ्यांची एक बाजू मात्र खरी. १९७८ मध्ये हर्क्युलिना हा लघुग्रह एका ताऱ्यासमोरून गेला, तेव्हा त्यालाही चंद्र असल्याचा गवगवा झाला होता. पुढे हबल दुर्बिणीला तिथे काहीच आढळलं नाही. सावधपणा बरोबरच होता, पण तो १९९४ च्या आधीचा.

‘मग हे चंद्र आले कुठून?’ काही टकरींच्या ढिगाऱ्यातून. लहान लघुग्रहांची गोष्ट जास्त मजेशीर आहे. उन्हाने तापलेला ओबडधोबड पृष्ठभाग ती उष्णता असमानपणे बाहेर टाकतो आणि त्या सूक्ष्म रेट्याने लघुग्रहाची गिरकी लाखो वर्षांत वाढत जाते. दगडगोट्यांचा सैल ढीग सव्वादोन तासांच्या आसपास एक गिरकी घेऊ लागला की विषुववृत्तावरचा माल सुटू लागतो आणि त्यातून चंद्र जमू शकतो. डिडिमॉसची गिरकी? २.२६ तास.

शेवटी उरतं ते ‘असलाच तर एखादा अपवाद’. सिल्व्हिया या लघुग्रहाला दोन चंद्र आहेत. इलेक्ट्रा या लघुग्रहाचा तिसरा चंद्र २०२२ मध्ये जाहीर झाला. नेपच्यूनपलीकडच्या हाउमिया या बटुग्रहाला दोन चंद्र आणि वर कडंही. पृथ्वीजवळ येणाऱ्या, २०० मीटरहून मोठ्या लघुग्रहांपैकी सुमारे १५ टक्के जोडीने फिरतात. हां, ‘प्रत्येकाला चंद्र असतो’ असंही कुणी पुढे ढकलू नये. सेरेस आणि व्हेस्टा या लघुग्रहांच्या पट्ट्यातल्या दोन सर्वांत वजनदार पिंडांजवळ नासाचं डॉन यान प्रत्येकी वर्षभराहून जास्त काळ राहिलं, पण चंद्र एकाचाही सापडलेला नाही.