बाहेरून टायर उत्तम आहे

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे गाडीच्या मागे जोडून ओढायचे फिरते घर. त्याचा टायर झिजतो तो शक्यतो मालकाला न दिसणाऱ्या बाजूने. बाहेरून पाहावे तर नक्षी शाबूत, रबर काळेभोर, कडेवरची अक्षरेसुद्धा न पुसलेली. आणि आतली कड मात्र पार तारा दिसेपर्यंत खाल्लेली. मोटारीचे पुढचे चाक निदान स्टिअरिंग फिरवून वळवता येते आणि उभ्या उभ्या त्याच्या आतल्या बाजूचे दर्शन घेता येते. ट्रेलरचे चाक वळतच नाही. त्यामुळे पन्नाशी उलटलेल्या गृहस्थाला पोटावर सरपटत, हातात विजेरी घेऊन, आपल्याच घराखाली शिरावे लागते, आणि शिरल्यावर जे दिसते ते पाहून तिथेच पडून राहावेसे वाटते.

आम्ही ओहायोत राहतो. मे महिन्याच्या अखेरीस मेमोरियल डेची सुट्टी आली की इथले लोक आपापले घर पिकअप ट्रकच्या मागे जोडून निघतात, आणि त्यांचे पाहून आम्हीही एक ट्रेलर घेतला. शेजारच्या इंडियाना राज्यात एल्कहार्ट नावाची काउंटी आहे. अमेरिकेतली बहुतेक फिरती घरे तिथेच बांधली जातात. आमचेही तिथलेच. त्यात स्वयंपाकघर आहे, न्हाणीघर आहे, आणि बटण दाबले की भिंतीसकट बाहेर सरकणारी एक अर्धी खोली आहे. ही सगळी वास्तू दोन अ‍ॅक्सलांवर आणि चार टायरांवर उभी असते, याचा विचार घर पाहताना कोणी करीत नाही, कारण विक्रेता तोवर ओव्हन उघडून दाखवीत असतो.

टायर आतून खाल्ला आहे हे कळण्याची इथली सर्वमान्य पद्धत म्हणजे एक सेंटचे नाणे. नाण्यावरच्या लिंकनसाहेबांना डोके खाली करून टायरच्या खाचेत उभे करायचे. त्यांच्या डोक्याचा वरचा भाग रबरात बुडाला तर टायर चालू शकतो, आणि डोके पूर्ण दिसले तर टायर संपला. आमच्या टायरच्या बाहेरच्या खाचेत साहेब थेट भुवयांपर्यंत बुडाले. आतल्या कडेला त्यांना टेकवायला खाचच उरली नव्हती, त्यामुळे नाणे घरंगळून माझ्या कानापाशी आले.

कॅम्पग्राउंडवर ट्रेलरखालून दोन पाय बाहेर आलेले दिसले की निवृत्त अमेरिकन माणसाला राहवत नाही. हातात कॉफीचा मग घेऊन पहिले आजोबा आले, त्यांनी टायरवरून तळवा फिरवला आणि हस्तसामुद्रिकाच्या गांभीर्याने सांगितले, “हवा कमी.” हवा कमी असती तर दोन्ही कडा झिजल्या असत्या आणि जास्त असती तर मधला पट्टा, हे सांगण्यापूर्वीच दुसरे आले. त्यांच्या मते चाकाच्या बेअरिंगमध्ये खेळ होता. परंतु बेअरिंग सैल असले किंवा चाकाचा तोल बिघडला की टायर जागोजागी खळगे पडल्यासारखा झिजतो, सलग एका कडेने नव्हे. तिसरे लीफ स्प्रिंगच्या जोडावरील प्लास्टिकची बुशिंगे, म्हणजे बोल्टाभोवतीची नळकांडी, काढून पितळी बसवावीत या मताचे होते, आणि त्यांनी आपल्या ट्रेलरला ती कशी बसवली हे कॉफी संपेपर्यंत ऐकवले. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते, कारण ती बुशिंगे खरोखरच लवकर झिजतात आणि मग अ‍ॅक्सल जागेवर राहत नाही. आमची मात्र शाबूत होती. प्रत्येकाचे निदान त्याच्या स्वतःच्या ट्रेलरला पूर्वी झालेल्या आजाराचे होते.

कोल्हापूरकडच्या मामांना व्हिडिओ कॉलवर टायर दाखवला. त्यांची उसाची ट्रॉली आहे. “आमच्या ट्रॉलीचं अलाइनमेंट आजवर कुणी केलंय काय रे?” असे विचारून ते पुढे म्हणाले, “आणि तिच्यात तर ऊस असतोय. तुझ्यात काय, गाद्या!” ट्रॉली कारखान्यापर्यंत ट्रॅक्टरच्या गतीने जाते आणि आम्ही ताशी १०० किलोमीटरने, हा फरक त्यांना पटला, पण फोन ठेवताना ते हसत होते.

गाद्यांवरून विषय वजनावर आला, आणि वजन हा आमच्या घरात नाजूक विषय आहे. ट्रेलरची अ‍ॅक्सल म्हणजे एक पोलादी नळी. तिच्या दोन्ही टोकांना चाकांचे दांडे वेल्ड केलेले. ही नळी मुद्दाम मध्यभागी किंचित वर उचलून बनवतात, म्हणजे घराचा भार पडल्यावर ती सरळ व्हावी. भार मर्यादेबाहेर गेला किंवा चाक एखाद्या जबर खड्ड्यात आदळले की ती सरळ होऊन थांबत नाही, मध्ये खाली झुकते, चाकांचे माथे आत कलतात आणि टायर आतल्या कडेवर चालू लागतो. हे मी बायकोला समजावून सांगत असताना माझी नजर इडलीपात्राकडे गेली, एवढाच माझा गुन्हा.

“अहो, माझे तांदूळ वीस पौंडांचे,” ती म्हणाली, “आणि तुम्ही घरूनच टाकी भरून जे पाणी नेता, ते किती पौंडांचे?”

टाकी ४० गॅलनची आहे आणि एक गॅलन पाणी सव्वाआठ पौंडांहून थोडे जास्तच भरते. गुणाकार मी मनातल्या मनात केला आणि मनातच ठेवला. मग हायवेवरच्या ट्रकच्या भुईकाट्यावर, अठरा चाकी ट्रकांच्या रांगेत उभे राहून, आम्ही ट्रेलर तोलून घेतला. इडलीपात्र, पाणी, गाद्या आणि लोणच्याच्या बरण्या धरून एकूण वजन मर्यादेच्या आत निघाले. भांडणाला विषय उरला नाही, याची दोघांनाही थोडी चुटपुट लागली.

उरला तो टो. चाकांची तोंडे पुढच्या बाजूला एकमेकांकडे किंवा एकमेकांपासून किती वळली आहेत, हे मोजायचे असते. त्यासाठी चाक जॅकवर उचलायचे, हाताने फिरवत टायरवर खिळा धरून एक रेघ ओढायची, दुसऱ्या चाकावरही तशीच ओढायची, मग चाके खाली टेकवून दोन रेघांमधले अंतर पुढून आणि मागून, एकाच उंचीवर मोजायचे. हे मी घरासमोर केले. टेपचे दुसरे टोक धरायला बायको होती, आणि आमच्या वसाहतीत ट्रेलर दारात किती तास उभा करता येतो याची नियमावली तोंडपाठ असलेले शेजारी पाहायला होते. चाकांची तोंडे दर चाकामागे पाव अंशाने बाहेर निघाली, आणि बाहेर वळलेले चाक आतल्या कडेनेच घासते. पाव अंश ऐकायला काहीच नाही. पण तेवढ्या तिरकसपणात चाक दर किलोमीटरला सव्वाचार मीटरहून जास्त आडवे घासत जाते. यलोस्टोन पाहून परत यायचे तर आम्हाला साडेपाच हजार किलोमीटर पडतात. त्यात त्या बिचाऱ्याने सुमारे २४ किलोमीटर आडवे चालायचे.

शिवाय दोन अ‍ॅक्सलांच्या ट्रेलरला मागे घेताना जे होते ते बघवत नाही. तो वळतो दोन्ही अ‍ॅक्सलांच्या मधल्या बिंदूभोवती, त्यामुळे पुढचे टायर एका दिशेला ओढले जातात आणि मागचे दुसऱ्या. रबर जमिनीला धरून बसते, रिम मात्र कलते, आणि या दोहोंच्या मध्ये टायर मुरगळून कण्हतो. दुकानदार यावर सांगतात की अरुंद वळण घेऊ नये. त्यांनी एकदा कॅम्पग्राउंडच्या जागा पाहाव्यात.

मोटारींच्या अलाइनमेंटच्या दुकानात गेलो. तिथल्या मुलाने संगणकात आमच्या वाहनाचे नाव शोधले, ते सापडले नाही, म्हणून त्याने खाली वाकून पाहिले आणि विचारले, “याचे बोल्ट कुठे आहेत?” बोल्ट नाहीत हेच तर दुखणे आहे. मोटारीत चार बोल्ट ढिले करून कोन बदलता येतो. इथे नळी वाकवावी लागते.

वाकवणारे लोक ट्रकच्या दुकानात भेटतात. तिथल्या मिस्त्रीने चाकांवर मोजमापाची उपकरणे टांगली आणि प्रत्येक चाकाखाली वेगळा काटा ठेवला. स्वयंपाकघर, फ्रीज, शेगडी आणि ती सरकती अर्धी खोली, हे सगळे कारखान्याने एकाच बाजूला बसवले असल्याने त्या बाजूची चाके कायम जास्त भार वाहत होती, आणि खाल्लेला टायर त्याच बाजूचा होता. मग त्याने अ‍ॅक्सलला एक जाड तुळई साखळ्यांनी जखडली, मध्ये हायड्रॉलिक जॅक लावला आणि दांडा हलवू लागला. नळी कुरकुरली. त्याने दाब सोडला, मोजले, मान हलवली आणि पुन्हा दाबले. पोलाद वाकवून सोडले की बरेचसे परत येते, म्हणून हवे त्याहून जास्त वाकवून सोडावे लागते. आणि तापवून वाकवले तर ते कमजोर होते, म्हणून सगळे थंडच करायचे. कॅम्बरसाठी, म्हणजे चाकाच्या माथ्याचा कल सुधारायला, खालून वर आणि टोसाठी मागून पुढे अशी ही वाकवावाकवी चालली असताना मी माझ्या घराच्या कपाटातून चहाचे कप एकमेकांवर वाजताना ऐकत होतो.

नवे टायर बसवल्यावर बिल आले. त्यात जुन्या टायरांची विल्हेवाट लावण्याचे पैसे, दर टायरमागे, निराळे लावले होते. काउंटरवरच्या बाईंनी भिंतीला टेकवून ठेवलेले आमचे जुने टायर पाहिले. कोणीतरी ते खाल्लेली बाजू भिंतीकडे करून ठेवले होते.

“हे तर नवेच दिसतात,” त्या म्हणाल्या. “का बदललेत?”

मी ते उलटे करून दाखवायला पुढे सरसावलो, पण बायकोने माझा हात धरला आणि म्हणाली, “अहो, पैसे द्या आणि चला, दुपारी दोननंतर कॅम्पग्राउंडवर सावलीतली जागा मिळत नाही.”