धरणाचं पाणी आणि सूर्यातला भोपळा

'एक पुणेकर' यांस,
नमस्कार. सूर्यात साचलेल्या कृष्णद्रव्याचा (उजेड न देणारं, गुरुत्वाकर्षणानेच जाणवणारं द्रव्य) माग न्यूट्रिनोंवरून (कशालाही सहसा न अडणारे सूक्ष्म कण) काढता येईल, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचे टोले दोन. सूर्याकडून न्यूट्रिनो एरवीही येतातच, त्यात कृष्णद्रव्यातून आलेले कोणते हे कोण सांगणार? आणि, 'दक्षिण ध्रुवावर एवढा पैसा बर्फात पुरून हाती काय, भोपळा!'

पहिल्यात चूक माझी, ऊर्जेचा आकडाच दिला नव्हता. सूर्याच्या गाभ्यात हायड्रोजनचं हेलियम होताना निघणारे न्यूट्रिनो १९ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टच्या पुढे जात नाहीत. कृष्णद्रव्याचे जड कण तिथे साचून एकमेकांना नष्ट करत असतील, तर येणारे न्यूट्रिनो कित्येक अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टचे असतील. (अवकाशातून येणारे वैश्विक किरण सूर्याच्या वातावरणावर आदळूनही असे काही तयार होतात, पण अगदी थोडे.) दक्षिण ध्रुवावरच्या 'आइसक्यूब' या न्यूट्रिनो-शोधकाचे ५,१६० संवेदक दीड ते अडीच किलोमीटर खोल बर्फात आहेत. त्यांना न्यूट्रिनो दिसत नाही. त्याच्या धडकेतून सुटलेला म्यूऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊ) बर्फात निळसर उजेड सांडत जातो, त्यावरून दिशा कळते. ध्रुवावर सहा महिने सूर्य क्षितिजाखाली असतो, तेव्हा त्याच्याकडून येणारे न्यूट्रिनो पृथ्वी भेदून खालून वर येतात. आकाशातून बरसणारे म्यूऑन मात्र पृथ्वीतच अडतात. फुकटची चाळणी!

आता भोपळा. पावसाळ्यात आपण सगळेच खडकवासल्याचे क्युसेक वाचतो. धरण भरलं की आवक तेवढाच विसर्ग, मग मुठेतलं पाणी मोजून वर किती आलं ते सांगता येतं. सूर्य साडेचार अब्ज वर्षं कृष्णद्रव्याचे कण अडवत असेल, तर बऱ्याच गृहीतकांत तोही असाच भरलेला असायला हवा: जेवढे अडकतात तेवढे नष्ट होतात. विसर्ग, म्हणजे ते जास्त ऊर्जेचे न्यूट्रिनो, दिसला नाही, म्हणजे आवक अमुक मर्यादेच्या आतच आहे. आवक ठरते हे कण प्रोटॉनला किती वेळा धडकतात त्यावर. सूर्य म्हणजे मुख्यतः हायड्रोजन, प्रोटॉनचं कोठारच. प्रोटॉनच्या फिरकीवर (स्पिन, त्याचा एक अंगभूत गुण) अवलंबून असलेली धडक, कृष्णद्रव्य थेट पकडू पाहणाऱ्या जमिनीखालच्या झेनॉनच्या टाक्यांना नीट पकडता येत नाही, कारण झेनॉनमध्ये प्रोटॉन जोडीजोडीने असतात आणि जोडीतल्या फिरक्या एकमेकींना रद्द करतात. तिथे हा 'भोपळा' त्या टाक्यांपेक्षा जास्त बोलतो.

धरण पुरतं भरलेलंच नसेल, हा आक्षेप तुम्ही घेतला असतात तर मी अडचणीत आलो असतो. काही गृहीतकांत ते खरंच भरत नाही.

ऊर्जेचा आकडा मूळ लेखात आता घातला आहे.