‘एलईडीला रिले कशाला?’ या फिरत्या मजकुराला एका वायरिंगवाल्याचं उत्तर

गाडीला जादा दिवे लावण्याबद्दलचा एक मजकूर सध्या या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरतोय. मला तो आतापर्यंत चौघांनी पाठवला. त्यातल्या दोघांनी वर ‘बरोबर आहे का हो?’ असंही विचारलंय. मजकूर थोडक्यात असा (त्यातला रिले म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, टॅप म्हणजे चालू वायरीला मधेच दुसरी वायर जोडणं, आणि अर्थ म्हणजे करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत जायचा रस्ता):

‘रिले, वेगळा फ्यूज, जाड वायर हे सगळे बिल वाढवायचे धंदे. हल्लीचे दिवे एलईडी, ते करंट खातातच किती? हाय बीमच्या वायरला टॅप मारा, अर्थ जवळच्या बोल्टला द्या, काम झालं. फ्यूज उडालाच तर एक नंबर मोठा टाका. बॅटरी साठ अँपिअरची आहे, दोन दिव्यांनी तिला काय होतंय? माझ्या गाडीत दोन वर्षं असंच चाललंय.’

यातली बहुतेक वाक्यं निव्वळ थापा नाहीत, म्हणून तर ती पटतात. मी गाड्यांच्या वायरिंगवर पोट भरतो, म्हणजे बिल वाढवणाऱ्यांत मीही आलो. तेव्हा माझ्या शब्दावर जाऊ नका, हिशेब स्वतः मांडून बघा.

‘एलईडी करंट खातातच किती?’

वॅटला व्होल्टने भागलं की कळतं. 55 वॅटचे दोन हॅलोजन म्हणजे 110 भागिले 12, नऊ अँपिअरच्या थोडं वर. 18 वॅटचे दोन छोटे एलईडी म्हणजे 3 अँपिअर. इथपर्यंत मजकूरवाल्याचं बरोबर आहे. पण 120 वॅटचा एलईडी बार घेतलात की पुन्हा 10 अँपिअर, म्हणजे हॅलोजनच्या जोडीइतकेच. एलईडीला वीज कमी लागते ती तेवढ्याच उजेडासाठी. बार विकत घेणारा माणूस तेवढ्याच उजेडावर थोडाच समाधान मानतो! खोक्यावरच्या वॅटवरही जाऊ नका. ‘300 वॅट’ छापलेला बार प्रत्यक्षात जेमतेम 3 अँपिअर घेताना मी पाहिलाय. दिवा गाडीवर चढवण्याआधी मल्टीमीटर (करंट-व्होल्ट मोजायचं यंत्र) 10 अँपिअरच्या खाचेत लावून एकदा मोजा, वाद मिटतो.

एलईडीची दुसरी एक खोड मात्र कुणी सांगत नाही. वायर बारीक असली किंवा जोड सैल असला की हॅलोजन पिवळा पडतो, आणि काहीतरी बिघडलंय हे तुम्हाला दिसतं. बऱ्याच एलईडी बारमध्ये आत ड्रायव्हर (दिव्याची वीज सांभाळणारं सर्किट) असतो, तो दिव्याला लागणारे वॅट कसेही करून मिळवतो. व्होल्टेज कमी मिळालं तर करंट जास्त ओढतो. 120 वॅटला 13.5 व्होल्टवर साधारण 8.9 अँपिअर लागतात, 11 व्होल्टवर 10.9. म्हणजे जोड जितका खराब तितका त्याच्यावरचा भार जास्त, आणि उजेड मात्र तसाच पांढराशुभ्र. ज्या दिव्याला रिले नको म्हणतात, तोच दिवा वायरिंगचं दुखणं सगळ्यात जास्त लपवतो.

‘हाय बीमच्या वायरला टॅप मारा’

मूळ बल्ब 60 वॅटचा, म्हणजे त्या वायरीवर 5 अँपिअर. कंपनीने वायर, कपलर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा प्लग) आणि फ्यूज त्या हिशेबाने बसवलेले असतात. त्यावर एका बाजूला आणखी पाच चढवले की भार थेट दुप्पट. जुन्या गाड्यांत हा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या डिपर स्विचच्या छोट्याशा पॉइंटांतून जातो. बऱ्याच नव्या गाड्यांत हा करंट त्या स्विचमधून जातच नाही. बॉडी कंट्रोल मॉड्यूल (दिवे वगैरे सांभाळणारा गाडीतला छोटा कंप्युटर) इलेक्ट्रॉनिक पद्धतीने दिवा चालवतं आणि करंटवर नजर ठेवतं. जादा भार दिसला की ते दिवा बंद करतं किंवा डॅशबोर्डवर बल्बची खूण पेटवतं. काही गाड्यांत ते दिव्याला सलग वीज देतच नाही, सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करत देतं. अशा वायरीवर साधा रिलेसुद्धा थेट लावला तर तो टकटक वाजत राहतो. त्यामुळे नव्या गाडीत रिलेला इशारा कुठून घ्यायचा, हे वायर मोजूनच ठरवावं लागतं.

माझ्याकडे एक गाडी आली होती, तक्रार एवढीच की उजवा हेडलाइट मधूनच जातो. कपलर ओढला तर तो होल्डरला चिकटलेला. पांढरं प्लास्टिक कडेला चहासारखं तपकिरी, एक पिन निळसर काळी. मागे चार बोटांवर दाबून बसवायचा प्लास्टिकचा टॅप. तो उघडला तर त्याच्या पात्याने वायरीच्या निम्म्या तारा कापलेल्या, उरलेल्यांवर हिरवी पूड. फ्यूज? अगदी शाबूत.

‘फ्यूज उडाला तर मोठा टाका’

फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायरीसाठी असतो. समजा, 10 अँपिअरच्या फ्यूजमागे पाऊण चौरस मिलिमीटरची वायर आहे. तिथे तुम्ही 30 चा हिरवा फ्यूज खुपसलात. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते: करंट तिप्पट, उष्णता नऊपट. आणि ती वायर एकटी नसते, वीस-पंचवीस वायरींच्या जुडीत टेप गुंडाळून कोंडलेली असते. आवरण मऊ पडून शेजारणीला चिकटलं की पुढे कुठली वायर कुठल्या वायरीला भिडेल, सांगता येत नाही.

शिवाय पात्याचा फ्यूज लोक समजतात तितका तत्पर नसतो. 15 चा फ्यूज 16 अँपिअरवर तासन् तास टिकतो. 20 वरही उडायला त्याला दहा मिनिटंसुद्धा लागू शकतात. म्हणून कायमचा भार फ्यूजच्या आकड्याच्या ऐंशी टक्क्यांच्या आत ठेवायचा. 10 अँपिअरच्या दिव्यांना 15 चा निळा फ्यूज, आणि वायर त्या पंधराला सहज पेलणारी. आधी वायर ठरवा, मग फ्यूज.

आता त्या तपकिरी कपलरकडे परत येऊ, कारण फ्यूज शाबूत असताना प्लास्टिक कसं जळालं हा प्रश्न मला नेहमी विचारतात. सैल किंवा गंजलेल्या जोडाचा रोध समजा फक्त 0.1 ओहम. त्यातून 10 अँपिअर गेले की एक व्होल्ट तिथेच खर्च होतो आणि काडीच्या गुलाएवढ्या जागेत 10 वॅट उष्णता तयार होते. कथील वितळवणारी छोटी सोल्डरिंग इस्त्री 25 वॅटची असते, त्यावरून अंदाज बांधा. फ्यूजच्या दृष्टीने मात्र सगळं आलबेल असतं: करंट ठरलेलाच, 10. त्याने उडावं कशासाठी? जोडांवर फ्यूजची नजर नसते. तिथे चांगलं थिंबल (वायरीच्या टोकाला बसवायचं धातूचं टोपण), नीट क्रिम्पिंग (ते दाबून पक्कं करणं) आणि वर गरम करून आवळलेली स्लीव्ह एवढंच उपयोगी पडतं.

‘अर्थ जवळच्या बोल्टला द्या’

देता येतो, बोल्टखालचा रंग खरवडून. रंग वीज वाहून नेत नाही, आणि प्लास्टिकच्या बंपरला धरलेला बोल्ट तर मुळीच नाही. जितका करंट दिव्याकडे जातो तितकाच परत येतो, म्हणून अर्थची वायरही तेवढीच जाड हवी. नव्या गाडीत बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर करंट मोजणारा सेन्सर असेल, तर दिव्याचा अर्थ थेट त्या टोकाला न देता बॉडीला द्या. नाहीतर तुमचे दिवे सेन्सरच्या मोजणीत येतच नाहीत.

‘बॅटरी साठ अँपिअरची आहे’

साठ अँपिअर-तासांची. आणि मुद्दा बॅटरीचा नाहीच. इंजिन चालू असताना भार आल्टरनेटर उचलतो, ज्याला जुनी मंडळी अजून डायनामो म्हणतात. पावसाळी रात्र धरा: हेडलाइट 10 अँपिअर, इंजिनाचं इंजेक्शन आणि पंप 10 च्या आसपास, काचेवर हवा मारणारा ब्लोअर 10 ते 15, वायपर 4-5, मागच्या काचेचा हीटर 10 च्या वर, मधूनमधून रेडिएटरचा पंखा 15-20. जवळपास 65 इथेच झाले. आल्टरनेटरवर 90 लिहिलं असलं तरी तो आकडा इंजिन चांगलं फिरत असतानाचा. गाडी जागेवर धुगधुगत असताना निम्माच मिळाला तरी नवल नाही. वर 20 अँपिअरचे दिवे चढवले की कमी पडतं ते बॅटरीतून जातं. सगळं चालू ठेवून बॅटरीवर मल्टीमीटर धरा. साध्या आल्टरनेटरच्या गाडीत 13.8 च्या वर असेल तर ठीक, 12.8 च्या खाली उतरत असेल तर बॅटरी पदरमोड करतेय. लोडप्रमाणे स्वतः व्होल्टेज खालीवर करणाऱ्या नव्या आल्टरनेटरना मात्र हे आकडे जसेच्या तसे लावू नका.

आमच्या बाजूचेही कान उपटायला हवेत. ‘रिले लावला, आता बिनघोर’ हे वाक्य त्या मजकुराइतकंच अर्धवट आहे. रिले भार कमी करत नाही, फक्त रस्ता बदलतो: मोठा करंट बॅटरीकडून थेट दिव्याकडे, आणि स्विचवर रिलेच्या कॉइलपुरता (आतल्या तारेच्या गुंडाळीपुरता) साधारण 0.15 अँपिअर. तो नवा रस्ता बारीक असेल तर काय साधलं? तयार मिळणाऱ्या काही हार्नेसमध्ये (वायरिंगच्या संचांत) 40 चा रिले, 30 चा फ्यूज आणि जाडजूड आवरणाच्या आत केसासारखी वायर असते. टोक सोलून तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, ते वापरू नका.

मी करतो ते असं: बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात फ्यूज, कारण फ्यूजच्या आधीच्या वायरीला कोणीच वाली नसतो. पुढे अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर रिलेच्या 30 नंबरच्या पिनेला, 87 मधून दिव्यांना. 86 ला हाय बीमचा इशारा, वाटेत डॅशबोर्डवरचा स्विच; 85 अर्थला. मॉड्यूलकडून इशारा घ्यायचा असेल तर आत डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असलेला रिले, कारण कॉइल बंद होताना उलटा झटका मारते. पाच पिनांच्या रिलेत मधली पिन 87ए असेल तर तिला हात लावू नका, स्विच बंद केल्यावर दिवे पेटतील. पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट. अशा 3 मीटर वायरीत 10 अँपिअरला जेमतेम 0.2 व्होल्ट पडतात. पाऊण चौरस मिलिमीटरच्या वायरीत तेच 0.7 होतात, आणि हॅलोजनचा साधारण सहावा हिस्सा उजेड वाटेतच जातो.

‘माझ्या गाडीत दोन वर्षं चाललंय’

चाललं असेल. दोन छोटे 18 वॅटवाले दिवे जुन्या गाडीवर असतील तर आणखीही चालतील. पण एकदा बघून घ्या. इंजिन आणि दिवे चालू ठेवा. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं दिव्याच्या पॉझिटिव्ह पिनेला. दिसेल तेवढे व्होल्ट वाटेत खर्च होतायत. मग तसंच निगेटिव्ह ते निगेटिव्ह. दोन्ही आकडे अर्ध्या व्होल्टच्या आत आले आणि दहा मिनिटांनी कपलर हाताला कोमटही लागला नाही, तर तुमची दोन वर्षं मला मान्य. एक व्होल्टच्या वर गेला तर टॅप उघडून तारा मोजा, आणि तोवर तो दिवा लावू नका.