बोट मोजून नवऱ्याला माफी!

रविवारी मावशीचा फोन आला. गुडघ्याच्या ऑपरेशनला जेमतेम तीन आठवडे झालेत, आणि वॉकर धरून ती काकांसाठी चहा टाकत होती. मी भडकले, तर म्हणते कशी, "अगं, ह्यांचा दोषच नाही. तो मेसेज वाचलास ना?"

वाचला. एव्हाना तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. पुरुषाच्या अंगातलं टेस्टोस्टेरॉन हे हार्मोन त्याला दुसऱ्याच्या भावना कळू देत नाही, हे म्हणे 'विज्ञानाने सिद्ध' झालंय. त्याची खूण म्हणे बोटांत: अनामिका तर्जनीपेक्षा जितकी लांब, तितका पुरुष कोरडा. बायकोने अपेक्षा सोडावी आणि रोज वीस सेकंद मिठी मारावी, बाकीचं ऑक्सिटोसिन, म्हणजे म्हणे 'मायेचं हार्मोन', बघून घेईल.

या 'सिद्ध'चं मूळ बहुधा २०११ च्या एका डच प्रयोगात आहे. जिभेखाली टेस्टोस्टेरॉनचा एक डोस द्यायचा, मग नुसत्या डोळ्यांचे ३६ फोटो दाखवून भावना ओळखायला सांगायच्या. डोस घेतल्यावर गुण घसरले, बोटांच्या लांबीशीही संबंध दिसला. पण डोस घेतला कुणी? १६ तरुण मुलींनी! पुरुष एकही नाही.

पुरुषांवर रीतसर प्रयोग झाला तो २०१९ साली छापून आला, रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात. दोन चाचण्या मिळून ६४३ पुरुष. काहींना टेस्टोस्टेरॉन, काहींना तसंच दिसणारं बिनऔषधी काहीतरी, आणि मग तेच डोळ्यांचे फोटो. दोन्ही गटांत फरक पडला नाही. बोटांचाही काही संबंध सापडला नाही. हा मेसेज मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.

बायका या चाचणीत सरासरीने थोड्या पुढे असतात, हे खरंय, मान्य. २०२२ मध्ये ५७ देशांची आकडेवारी आली. ३६ देशांत बायका पुढे, बाकी २१ देशांत बरोबरी, पुरुष पुढे कुठेच नाहीत. पण ही सरासरी झाली. ती हार्मोनमुळे की वाढवण्यामुळे, हे त्यातून कळत नाही, आणि तुमच्या घरातला माणूस काही सरासरी नव्हे.

मिठीचं म्हणाल तर मारा बापडे. नाकात ऑक्सिटोसिनचा फवारा मारून फोटो ओळखण्यात किंचित सुधारणा झाल्याचं २००७ मध्ये ३० पुरुषांवर दिसलं होतं, पुढच्या प्रयोगांत ते नेमाने दिसलं नाही. बाळंतिणीच्या कळा वाढवायचं हे औषध. गोठेवाले ते म्हशीला टोचतात ते पान्हा सोडायला, म्हैस समजूतदार व्हावी म्हणून नव्हे.

खरा संताप येतो तो 'अपेक्षा सोडावी' याचा. काकांना चेहरे वाचता येत नाहीत? रमीला बसले की समोरच्याची पापणी हलली तरी त्यांना कळतं, हा कुठल्या पानासाठी अडलाय ते. तेव्हा टेस्टोस्टेरॉन काय चप्पल काढून दाराबाहेर थांबतं? वॉकरचा खडखडाट तर चेहरा न बघताही ऐकू येतो.

हे सगळं मावशीला सांगितलं. ती जरा गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "मी काल ह्यांचं बोट मोजलं. अनामिका आखूडच आहे गं."